होडी नावाची मोटार

माझं माहेर पालीजवळच्या एका खेड्यात. वडिलांची भातगिरणी होती आणि ती ऑइल इंजिनावर चालायची. आम्ही चौघी बहिणी, मी थोरली, तेव्हा इंजिनाची विद्या माझ्याच वाट्याला आली. तेल घालणं, जड चाकाला झोका देऊन इंजिन सुरू करणं, पट्टा चढवणं हे सगळं मी भाकरी थापायच्या आधी शिकले. वडील म्हणायचे, "नुसतं बघून इंजिन कळत नाही. कान दे." ते जेवायला बसलेले असले आणि गिरणीचा आवाज जरासा बदलला, की घास तसाच हातात धरून विचारायचे, "काय झालं, सांग." मी सांगायची. चुकले तर नुसती मान हलवून घास तोंडात घालायचे. बरोबर आलं तर ताटातला पापड मोडून अर्धा माझ्याकडे सरकवायचे.

तीस सालानंतर दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी समुद्राकाठी आले, अलिबागहून नागावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. घरात आम्ही तिघंच. सासूबाई, हे आणि मी. सासरे वारल्यापासून भाताची शेती आणि नारळाची वाडी सासूबाई एकट्या बघत. आमचे हे अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर फिटर होते. स्वभाव अबोल. पहिल्या महिन्यात ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं मी तुम्हाला एका दमात सांगू शकेन.

एकदा दुपारी ते सर्व्हिस मोटार दारात उभी करून पाणी प्यायला घरात आले. इंजिन चालूच होतं. तांब्या देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "चार सिलिंडरांतला एक मारत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाणी प्यायले आणि गेले. संध्याकाळी आले ते चपला काढायच्या आधीच म्हणाले, "प्लग फुटलेला होता." मग ओटीवर बसून त्यांनी मला पालीच्या गिरणीचं इंजिन किती घोड्यांचं, त्याला तेल कुठलं, सगळं विचारलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "आज बोलतोय बघ माझा लेक." माझ्या लेखी आमचा संसार त्या संध्याकाळी सुरू झाला.

आमच्या गावाबाहेर सुरूच्या बनाला लागून एका डॉक्टरांचं बैठं घर होतं. डॉक्टर पलटणीत नोकरी करून आलेले, लढाईत पार इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, वयाने साठीच्या पुढचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सात-आठ वर्षांपूर्वी विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी शर्यतीची मोटार घेतली होती. दोनच माणसांची, बसकी, लांब नाकाची, आणि मागचं अंग निमुळतं होत गेलेलं. ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "फुडून बग्गी आन् मागून होडी." तेव्हापासून पंचक्रोशीत तिला होडीच म्हणत. डॉक्टरांना राग आला नाही. पुढे पुढे तेही तसंच म्हणू लागले.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शेवटी शेवटी माणूस आणि केळीचा खुंट एकसारखा दिसायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःच गाडी चालवणं सोडलं. होडी बैलगाडीच्या पडवीत नारळाच्या झापांखाली तीन वर्षं उभी राहिली. खारा वारा लागून तिचं लोखंड पापुद्रे सोडू लागलं, आणि एक कोंबडी नेमाने तिच्या बैठकीवर अंडी घालू लागली.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भातकापणीच्या सुमाराला, डॉक्टरांनी ह्यांना बोलावणं पाठवलं. हे मला म्हणाले, "तूही चल." डॉक्टर आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"मुंबईचे मोटारवाले थंडी सरता सरता अलिबागला यायचेत. समुद्रातून पडावात घालून गाड्या आणणार आणि ओहोटीच्या वाळूवर शर्यत लावणार. त्यात आपली होडी उतरवायची आहे. होईल का?"

हे पडवीत गेले. झाप काढले, खाली वाकून बघितलं, वर चढून बघितलं, एक अंडं उचलून माझ्या हातात दिलं. परत येऊन म्हणाले, "इंजिन फिरत नाही. गंजून धरलंय."

"मी ते विचारलं नाही. होईल का ते विचारलं."

"होईल."

"आणि ही कोण?"

"ही ऐकते," हे म्हणाले.

डॉक्टरांनी मला पुढे बोलावून नीट विचारपूस केली. गिरणीचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बरं झालं. मला दिसत नाही, ह्याला बोलता येत नाही, निदान तुला ऐकू तरी येतं."

त्या दिवसापासून हे सर्व्हिस मोटारीवरून आले की तिकडे जात, आणि मी घरचं आवरून दुपारीच जाऊन बसे. गंजलेल्या इंजिनात रॉकेल ओतून आठ दिवस मुरत ठेवलं. नवव्या दिवशी ह्यांनी हँडलवर सगळं वजन टाकलं तेव्हा ते करकरलं आणि फिरलं. मग एकेक भाग सुटा करून आम्ही ओटीवर मांडला. मी रॉकेलने धुवायची, हे खूण करून ठेवायचे. लोक दुरून बघत आणि जाताना एकमेकांना सांगत की डॉक्टरांच्या होडीचं ऑपरेशन चाललंय.

शर्यतीसाठी गाडीला दोन गोष्टी लागतात, हे मला तेव्हा कळलं. वजन कमी हवं आणि इंजिनाचा फटका जोरदार हवा. वजनाचं सोपं होतं. चाकांवरचे पत्र्याचे पंख, समोरची काच, मोठे दिवे, टप, सगळं उतरवलं. होडी आणखीच बसकी आणि उघडी दिसायला लागली. सासूबाई एकदा डोकावून गेल्या. "पिसं काढल्याली कोंबडी," एवढंच म्हणाल्या.

फटका वाढवण्याचं काम अवघड. इंजिनाच्या वरच्या झाकणाला फिटर लोक डोकं म्हणतात. ते खालून घासून थोडं बसकं केलं की आतली जागा कमी होते, पेट्रोलचा वायू जास्त दाबला जातो आणि फटका जोराचा बसतो. मुंबईला ह्या कामाला यंत्रं होती. आमच्याकडे कानशी होत्या. पण घासलेला भाग आरशासारखा सपाट यायला हवा, कुठे केसाइतकी फट राहिली तर सगळा जोर तिथून निसटणार. सपाट आहे की नाही हे कशावर ठेवून बघायचं, हे ह्यांना दोन दिवस सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काय अडलंय ते विचारलं आणि हसून म्हणाले, "माझं संगमरवरी टेबल न्या की. त्याच्यावर मी माणसं फाडलीत, लोखंडाचं काय घेऊन बसलात."

ते टेबल ओटीवर आणलं. माझ्या डबीतलं काजळ तेलात कालवून त्याच्यावर पातळ फासायचं, डोकं त्यावर ठेवून हलकेच सरकवायचं आणि उचलून बघायचं. उंचवटा असेल तिथे काळा ठिपका लागायचा. तेवढाच ठिपका खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा सरकवणं. पंधरा दिवस हेच चाललं होतं. नखाच्या जाडीइतकं लोखंड निघालं असेल नसेल. शेवटी शेवटी ठिपके इतके बारीक आणि सगळीकडे सारखे आले की डोकं काळ्या खसखशीत घोळल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी त्यावरून बोटं फिरवली, बराच वेळ फिरवली आणि म्हणाले, "झालं." त्यांच्या बोटांवर आमचा डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास बसला होता. अलिबागच्या तांबटाने डोकं आणि इंजिन ह्यांच्या मध्ये घालायला तांब्याचा पातळ पत्रा कापून दिला, त्याला काय करतोय ते कळलं नाही पण भोकं मात्र अचूक पाडली.

जोरात फिरणाऱ्या इंजिनाला एरंडेलासारखं तेल नाही, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं. बसऱ्याला त्यांनी विमानवाल्यांना तेच वापरताना बघितलं होतं. मी पिशवी आणि दोन रिकामे डबे घेऊन बाजारात गेले. आमचा दुकानदार गुजराती. दोन्ही डबे भरून एरंडेल मागितल्यावर त्याने चष्मा वर केला.

"केम बेन, आखा गावला जुलाब देवाचा हाय?"

"मोटारीला द्यायचाय."

"मोटारने बी पोट बिघडते?" असं म्हणून त्याने तेल मोजून दिलं आणि वर चिमूटभर ओवा पुडीत बांधून दिला, मोटारीसाठी.

जानेवारीच्या सुरुवातीला होडी पहिल्यांदा सुरू झाली. हँडलच्या चौथ्या झटक्याला तिने असा बार काढला की सुरूतले सगळे कावळे उडाले. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. एरंडेल जळल्याचा गोडसर उग्र वास सगळ्या वाडीभर पसरला, आणि तो वास नंतर माझ्या लुगड्यांतून पावसाळ्यापर्यंत गेला नाही.

मग गाडी सुरात आणायचं काम. ह्या गाडीची पेट्रोलची टाकी मागे, चाकांच्या पातळीला. तिथून पेट्रोल आपणहून इंजिनापर्यंत चढत नसे. त्यासाठी चालवणाऱ्याच्या शेजारच्या बैठकीसमोर एक छोटा हातपंप होता. तो मारून टाकीत हवा भरायची, हवेच्या दाबाने पेट्रोल पुढे येई. वर एक काटा असे. काटा खाली उतरला की पुन्हा पंप. हे इंजिनावर वाकलेले असत आणि मी शेजारच्या बैठकीवर बसून पंप मारी आणि ऐकी.

"तिसरा मऊ मारतोय," मी सांगायची. हे उघडून बघायचे. व्हॉल्व्हची स्प्रिंग दमलेली निघाली. नवी कुठून आणणार, म्हणून तिच्याखाली पातळ चकत्या घालून तिला ताण दिला. तिसरा कडक झाला. मग पेट्रोल किती सोडायचं तो प्रश्न. कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक कथलाच्या डागाने बुजवून नव्याने पाडायचं होतं. माझ्या शिवणाच्या डब्यातल्या सुया एकेक करून कामी आल्या. गोधडीची सुई फार मोठी झाली, प्लग काजळीने काळे निघाले. मोती ओवायची सुई फार बारीक, प्लग पांढरेफटक आणि इंजिन तापून लाल. परकराच्या शिलाईची सुई बरोबर बसली. प्लगचं टोक भाजलेल्या काजूसारखं तांबूस आलं तेव्हा ह्यांनी तो प्लग मला ओंजळीत धरून दाखवला. मला अजून कोणी दागिना तसा दाखवलेला नाही.

रेडिएटर गळत होता. कल्हईवाल्याने दोनदा डाग दिला तरी गळे. डॉक्टर म्हणाले, "पलटणीतले ड्रायव्हर त्यात हळद टाकायचे." मी सासूबाईंच्या डब्यातली दोन मुठी हळद आणून पाण्यात टाकली. गळती खरंच थांबली. फक्त पाणी उकळलं की झाकणाखालून पिवळी वाफ निघे आणि आजूबाजूला उभ्या असलेल्यांच्या अंगावर शिंतोडे उडत. सासूबाईंनी ते बघितलं आणि डबा उघडून बघितला. "गाडीचं लगीन हाय का?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून हळदीचा डबा वरच्या फळीवर गेला.

शर्यतीत शेजारी बसून पंप डॉक्टरच मारणार होते. त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गाडी त्यांची, हौस त्यांची. शर्यतीच्या आधी आठ दिवस भल्या सकाळच्या ओहोटीला आम्ही होडी वाळूवर उतरवली. हे चालवत होते, डॉक्टर शेजारी, डोक्याला पलटणीतला जुना फेटा. पाण्याच्या कडेची वाळू ओली आणि कडक, रस्त्यापेक्षा बरी. होडी अशी सुटली की मी बांधावर उभी होते ती दोन पावलं मागे सरले.

दूरच्या टोकाला, अगदी पाण्याजवळ वळण घेताना आवाज बदलला. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. मी धावत गेले. हे पंप मारत होते. डॉक्टर हात मांडीवर ठेवून बसले होते.

"काटा खाली गेला होता," ते शांतपणे म्हणाले. "मला दिसला नाही. मी आपला तो वरच आहे असं धरून चाललो."

तोवर गाडीचं वजन मागच्या चाकांवर येऊन ती वाळूत बसली होती, आणि भरती लागली होती. आम्ही तिघांनी ढकललं, ती आणखी रुतली. पाणी चाकांना लागलं. मी घराकडे पळाले. सासूबाई बैल सोडून वाडीत निघाल्या होत्या. मी धापा टाकत सांगितलं, त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. जू, दोर आणि बैलजोडी घेऊन त्या स्वतः वाळूवर आल्या. पदर खोचून गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि दोर पुढच्या आसाला बांधला. ढवळा आणि त्याचा जोडीदार एकदा अडले, मग मान खाली घालून निघाले, आणि विलायतेची शर्यतीची गाडी बैलांमागून चिखल गाळत वर आली.

सासूबाईंनी घाम पुसला. "आता माझ्या बैलांनी वढली म्हंजे आमची बी झाली ती," डॉक्टरांना म्हणाल्या.

"झालीच," डॉक्टर म्हणाले. ते ओल्या धोतराने वाळूवर उभे होते. थोड्या वेळाने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "मी बसत नाही. दोन महिने पंप कोण मारतंय? तीच बसेल."

आम्ही दोघांनीही सासूबाईंकडे बघितलं. त्या काळी आमच्यातली सून तालुक्याच्या गावात सगळ्यांसमोर उघड्या मोटारीत बसून धावणार, ही सोपी गोष्ट नव्हती. सासूबाई दोर गुंडाळत राहिल्या. गुंडाळून झाल्यावर म्हणाल्या, "पडशील तर न्हाय ना?"

"नाही आत्याबाई."

"मग बस. लुगडं कासोट्याचं हाय, उडायचं न्हाय. केसाचं मी बघते."

शर्यतीच्या दिवशी पहाटे त्यांनी माझ्या केसांत खोबरेल इतकं चोपडलं की ते कपाळावर ओघळत होतं. वर घट्ट अंबाडा आणि त्यावर ह्यांचा रुमाल बांधला. मग आम्ही सगळे अलिबागला गेलो. हे आणि मी होडीतून, डॉक्टर आणि सासूबाई बैलगाडीतून.

किल्ल्यासमोरच्या वाळूवर गर्दी लोटली होती. शहाळेवाले, चणेवाले, कोळणी, शाळेला दांडी मारलेले मास्तर. मुंबईच्या गाड्या झळझळत होत्या. दूरवर दोन रिकामी पिंपं रोवली होती, त्यांना वळसा घालून आठ फेऱ्या मारायच्या. आमच्या गटात पाच गाड्या. एक मोठी राखाडी, एक लाल, तिच्यात दोघे भाऊ. बाकीच्या दोन लहान.

पंच म्हणून आलेले गृहस्थ हातात वही घेऊन आमच्यापाशी आले आणि मला बघून थबकले. "बाईंना बसता येणार नाही."

डॉक्टर काठी टेकत पुढे झाले. "तुमच्या नियमात काय लिहिलंय?"

त्यांनी वही चाळली. "चालकासोबत एक सोबती असावा."

"ही सोबती आहे. अग्नीसमोर झालेली आहे. तुमच्या इतर कोणाच्या सोबत्याचं एवढं पक्कं नसेल."

आजूबाजूचे हसले. पंचांनी वही पुन्हा एकदा चाळली, काही सापडलं नाही, तेही हसले आणि पुढे गेले.

निशाण पडलं. सुरुवातीला मला काहीच दिसलं नाही, सगळी ओली वाळू तोंडावर आली. मी एका हाताने बैठकीची कड धरली होती, दुसऱ्या हाताने पंप, आणि डोळे काट्यावर. राखाडी गाडी पहिल्या झटक्यातच पुढे गेली. सरळ वाटेवर तिला आम्ही काय, कोणीच धरू शकलं नसतं. लालही आमच्या पुढे. पण वळणावर मजा होती. ह्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसाला वाळूची चमक बघून कळतं की पाय कुठे रुतेल. चमकते ती वाळू पाणी धरून असते, मऊ. जिथे बारीक लाटांच्या घड्या उमटलेल्या असतात ती कडक. हे घड्यांवरून वळत होते. मुंबईवाले चमकीवर जाऊन घसरत होते. मी वळणाच्या आतल्या बाजूला अंग झोकून द्यायची. चौथ्या फेरीला आम्ही लाल गाडीला मागे टाकलं. किनाऱ्यावरून जो आरडाओरडा झाला त्यात सासूबाईंचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

सहाव्या फेरीला पंप हलका लागला. दट्ट्या वरखाली होतोय पण काटा चढेना. आतली चामड्याची चकती सुकून आखडली होती, वारा बाजूने निसटत होता. काटा उतरत चालला. इंजिन पहिल्यांदा खोकलं आणि लाल गाडी शेजारून पुढे निघून गेली.

"काय?" हे समोर बघतच ओरडले.

"चामडं सुकलंय."

"तेल?"

तेल कुठलं. मी पंपाचं झाकण फिरवून दट्ट्या बाहेर काढला. मग रुमालाखाली बोटं घालून अंबाड्याच्या मुळाशी खुपसली. सासूबाईंचं खोबरेल बोटांवर भरभरून आलं. ते चामड्याला चोळलं, बोटांनी कड बाहेर ओढून फुलवली, दट्ट्या परत घातला आणि दोन्ही हातांनी पंप मारायला लागले. धरायला हात उरला नाही, म्हणून गुडघे फळीला टेकून बसले. काटा थरथरला आणि चढला. इंजिनाने आवाज धरला, चारही फटके खणखणीत.

आठव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर लाल गाडी पुन्हा चमकीवर गेली आणि आम्ही घड्यांवरून आतून निघालो. राखाडी गाडी पहिली आली, बरीच आधी आली. आम्ही दुसरे.

गाडी थांबली तेव्हा झाकणाखालून पिवळी वाफ येत होती. माझ्या गुडघ्यांना खरचटलं होतं, तोंड वाळूने भरलं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं. हेही हसत होते. ह्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले आणि दोन्ही हातांनी होडीचं गरम नाक चाचपत राहिले. सासूबाईंनी माझा अंबाडा बघितला. "केस कुनी वढले तुझे?" मी सांगितलं तेव्हा त्या ते येईल त्याला सांगत सुटल्या. आमच्या घराण्याच्या खोबरेलाने गाडी धावली, असं त्यांचं म्हणणं.

राखाडी गाडीचे मालक आमच्याकडे आले. इंजिन उघडायला लावून त्यांनी वाकून बघितलं. "डोकं कुठे घासून घेतलंत?" त्यांनी विचारलं. आणि मग आमचे हे बोलायला लागले. कानस, काजळ, संगमरवरी टेबल, चकत्या, सुया. न थांबता बोलत होते. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुंबईला स्वतःच्या कारखान्यात येण्याविषयी विचारलं. हे म्हणाले, "विचारून सांगतो."

परत येताना वाटेत मी म्हटलं, "जायचं असेल तर जाऊ. माझी ना नाही."

ह्यांनी एक वळण काढलं. मग म्हणाले, "मला ते काम देतील. तुला तिथे इंजिनाजवळ कोण येऊ देईल?"

आम्ही गेलो नाही. पुढे त्याच रस्त्यावर आम्ही स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि ते कसं चाललं ती वेगळी गोष्ट आहे. चाललं एवढं खरं.

पण शर्यतीनंतरची दुसरी सकाळ मला जास्त आठवते. मुंबईच्या गाड्या परत गेल्या होत्या. आमच्या गावासमोरची वाळू मोकळी, पाणी लांब मागे गेलेलं. डॉक्टर म्हणाले, "मला एकदा चालवू द्या." ह्यांनी दार उघडून त्यांना चाकामागे बसवलं. मी शेजारी पंपावर. समोर दोन मैल नुसती वाळू.

"तू फक्त उजवं-डावं सांग," डॉक्टर म्हणाले.

मी सांगत गेले. थोडं डावीकडे. आता सरळ. सरळच. त्यांचे हात चाकावर इतके सैल होते की मला भीती वाटेनाशी झाली. वारा कानात घुसत होता.

"किती वेग आहे?"

"चाळीस."

"खोटं सांगू नकोस. मला ऐकू येतंय."

"बावन्न."

त्यांनी वेग कमी केला नाही. खाडीच्या तोंडाशी आल्यावर मी थांबा म्हटलं, ते थांबले. इंजिन बंद केलं. मग फेटा नीट करून खाली उतरले, गाडीला हात लावत लावत माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "आता तू तिकडे सरक."

मी दहा वेळा गाडी बंद पाडली. दर वेळी डॉक्टर उतरून हँडल मारत, त्या वयात, आणि पुन्हा येऊन बसत. अकराव्या वेळी ती धक्के खात निघाली आणि मग धक्के थांबले आणि मी चालवत होते. तेवढ्यात लक्षात आलं की थांबवायचं कसं हे विचारायचं राहून गेलं. डॉक्टरांनी सांगितलं असतं, पण ते हसण्यात गुंतले होते. मी आपली मोठ्या गोलात फिरत राहिले. दुसऱ्या गोलात बघते तर हे दुरून धावत आलेले, अनवाणी, शेजारून पळत होते आणि ओरडून सांगत होते, "डावा पाय दाब. डावा. डावा म्हणतो मी." एवढ्या मोठ्या आवाजात ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते, म्हणून मी आणखी एक गोल तसाच मारला.